शुक्रवारच्या बैठकीतलं तिकडचं गाणं

आबा, तुमच्यावर माझा कधीच पुरता विश्वास नव्हता. हे तुमच्या तोंडावर बोलायची माझी छाती झाली नाही, आणि तुम्हीही कधी विचारलं नाहीत. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा म्हणजे आधी तुमचा खोकला आठवावा लागतो, मग त्याच्यामागून शब्द येतात. पण संशय मात्र अजून तसाच आहे. माझ्याएवढ्या म्हातारीनं आपल्या बापावर संशय घ्यावा हे बरं दिसत नाही, म्हणून घरात कुणाला न सांगता हे लिहिते आहे.

जहागीरदारसाहेबांच्या देवडीवर, म्हणजे वाड्यावर, तुम्ही कारकून होतात. उर्दू-फारसी चांगली, इंग्रजी कामापुरती. साहेबांचे डोळे अधू झाले आणि ते विलायतेला दाखवायला निघाले, तेव्हा कागद वाचून दाखवायला तुम्हाला बरोबर नेलं. ही माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. डोळ्यांचा डॉक्टर पॅरिसमध्ये निघाला आणि तुम्ही एक अख्खा हिवाळा तिथं काढलात. परत आल्यावर भावकीनं तुम्हाला गोदावरीवर नेलं, पंचगव्य पाजून शुद्ध करून घेतलं. तिकडं काय खाल्लं, काय प्यालात, हे गाव कितीतरी दिवस विचारत होतं. आईचा प्रश्न निराळा होता. "ती बाई कोन?"

ती बाई म्हणजे एक विधवा होती, असं तुम्ही सांगायचात. काळे कपडे घालायची, आणि दर शुक्रवारी संध्याकाळी तिच्या दिवाणखान्यात माणसं जमायची. कवी, चित्रकार, एखादा दिवाणी हुद्द्याचा माणूस, एखादा सावकार. मधोमध पियानो. गाणारी पियानोच्या बाकदार अंगाला टेकून उभी राहायची, आणि ज्यानं गाणं रचलं तोच साथीला बसायचा. कधी कधी गाण्याची शाई वाळलेली नसायची. ते गाणं पुढं चालेल की नाही हे त्या बाईच्या चेहऱ्यावर ठरायचं. हातमोजे घातलेल्या हातांच्या टाळ्या कशा वाजतात हे तुम्ही करून दाखवायचात, उपरण्याचे दोन पदर एकमेकांवर आपटून. आई चुलीपुढं भाकरी थापत असायची, मी काटवटीशेजारी, आणि तुम्ही पाटावर बसून सांगत असायचात, "तिकडं गाणं मोठ्यानं म्हणत नाहीत. कानात सांगितल्यासारखं म्हणतात. आणि आपल्यासारखं समेवर येऊन संपत नाही, बोलता बोलता माणूस खिडकीबाहेर बघायला लागावा तसं थांबतं."

"आन तुमी कुठं बसायचे?" आई विचारायची.

"साहेबांच्या शेजारी. खुर्ची दिली होती मला."

आई भाकरी तव्यावर टाकायची आणि माझ्याकडं बघायची. "इथं गेवराईला तहसीलदार खुर्ची देत न्हाई कारकुनाला. तिकडं कावून देतील?" तुम्ही हसायचात.

साहेब वारले. धाकट्या साहेबांनी जुनी माणसं कमी केली, त्यात तुम्ही गेलात. तुम्ही निघताना, थोरल्या साहेबांनी पॅरिसहून आणलेली पायपेटी त्यांनी तुमच्या माथी मारली, कारण देवडीत ती कुणाला वाजवता येत नव्हती आणि तिच्यात उंदीर झाले होते. बैलगाडीतून ती गेवराईला आली. तुम्ही तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून द्यायला बसू लागलात, आणि घरी संध्याकाळी पेटीचा भाता चिकटवू लागलात. पेटी सुरू झाल्यावर तुम्ही मला शिकवलंत ते एकच गाणं. तिकडचं गाणं, एवढंच त्याचं नाव. डाव्या हाताखाली एकदम तीन-चार पट्ट्या दाबायच्या, त्यातून दाट, धुकट सूर निघायचे, आणि उजव्या हाताची चाल त्यावरून सावकाश चालायची. मी शब्द विचारले की तुम्ही एकदा चांदण्याचे सांगायचात, एकदा कारंज्याचे, एकदा पानगळीचे. मी लहान होते, पण इतकी लहान नव्हते. आईनं तर पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "ह्ये तिकडचं न्हाई. ह्ये माझ्या माहेरच्या जात्यावरचं हाय."

मग तुम्ही बैठक सुरू केलीत. शुक्रवारीच. जुम्म्याची नमाज आटोपून म्हातारे मुन्शीजी यायचे, त्यांचे शेर असायचे. सनई वाजवणारे काका यायचे, ज्यांना लग्नाशिवाय कुणी ओसरीवर घेत नसे. शाळेचे मास्तर यायचे, ते सगळ्या जगाचा इतिहास सांगायचे. कापसाचे एक आडते यायचे, त्यांना काहीच येत नव्हतं, ते नुसते डोळे मिटून बसायचे. तुमचा नियम असा की येणाऱ्यानं काहीतरी आणावं, शेर, चाल, गोष्ट, काहीही. कचेरीची आणि भावकीची भांडणं मात्र आणायची नाहीत. आणि दुसरा नियम, उंबऱ्यावर कुणी बसायचं नाही. सनईवाले काका पहिल्या दिवशी सवयीनं बाहेर टेकले, तर तुम्ही उठून त्यांचा दंड धरलात आणि त्यांना आत आणून सतरंजीवर बसवलंत. त्यावरून आडते दोन शुक्रवार आले नाहीत. नंतर आले.

ते लढाईचे दिवस होते. युरोपात काय चाललंय याच्या नाना अफवा यायच्या, आणि चार माणसं एका जागी बसली की ठाण्यात कळायचं. अशात एक कापडवाला यायला लागला. जालन्याचा आहे म्हणायचा. त्याच्या गाठोड्यातलं कापड कधी कमी झालेलं मी पाहिलं नाही. कुणाचं गाव कुठलं, कोण कुणाचा जावई, एवढंच विचारायचा. मुन्शीजींनी शेर म्हणणं बंद केलं. सनईवाले काका गप्प झाले. मास्तर तर त्याच्या पायातल्या सरकारी वहाणांकडं डोळ्यांनी खुणावायचे. आई आतून म्हणाली, "त्यो ठाण्याचा मानूस हाय, त्याला हाकला." आणि तुम्ही काय केलंत, तर त्याला पेटीच्या अगदी जवळ बसवायला लागलात. "लांबून ऐकून चुकीचं सांगेल," म्हणालात. मला त्या वेळी तुमचाही संशय आला. वाटलं, तुम्ही त्याला घाबरता.

एका सकाळी अमीनसाहेबांचं, म्हणजे ठाण्याच्या मोठ्या अंमलदारांचं बोलावणं आलं. तुम्ही परत येऊन आईला सांगितलंत ते मी दाराआडून ऐकलं. त्यांनी विचारलं होतं, दर आठवड्याला घरात काय चालतं? तुम्ही म्हणालात, पॅरिसला याला सलून म्हणतात. अमीनसाहेब म्हणाले, सलून रेल्वेला असतं, बड्या साहेबांचा डबा, तुझ्या घरात कुठून आलं? इथपर्यंत तुम्हाला हसू येत होतं. मग तुमचा चेहरा उतरला. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की फ्रान्सच्या लोकांनी आपल्या राजाचं डोकं उडवलं, त्यावर त्यांचं एक गाणं आहे, आणि तेच गाणं गेवराईत माणसं जमवून वाजवलं जातं. निजामसाहेबांच्या राज्यात असं गाणं वाजवणाऱ्याचं काय होईल हे कुणी सांगायची गरज नव्हती. आईनं त्याच दिवशी माझी दोन लुगडी आणि चोळ्या बांधून ठेवल्या, मला मामाकडं तेलगावला धाडायला.

पण त्याच्या आधी शुक्रवार आला. अमीनसाहेब स्वतः आले, दोन शिपाई घेऊन, आणि औरंगाबादच्या छावणीतून आणलेला पलटणीच्या बँडचा एक म्हातारा मास्तर घेऊन. तो गोव्याकडचा ख्रिश्चन होता, त्याला तिकडची सगळी गाणी ठाऊक होती. त्यानं ओळखायचं होतं की गाणं राजा मारणाऱ्यांचं आहे का. बैठकीतले सगळे भिंतीला पाठ लावून बसले होते आणि कुणी कुणाकडं बघत नव्हतं. तुम्ही पेटीवर बसलात. पाय भात्यावर हलत होते, हात मात्र पट्ट्यांवर ठेवलेत आणि तसेच राहिले. मग तुम्ही आतल्या दाराकडं तोंड करून मला हाक मारलीत.

"पोरीला पुरषांत बोलावता?" आई आतून म्हणाली.

"तिला चुकल्याशिवाय येतं. मला आज येणार नाही."

मी गेले. डोक्यावरून पदर ओढून घेतला होता, त्यामुळं मला फक्त पट्ट्या आणि बँडमास्तरचे बूट दिसत होते. मी वाजवलं. अमीनसाहेब म्हणाले, "बोला. हेच का?"

"नाही साहेब. ते गाणं कूच करायचं असतं, हे बसून ऐकायचं आहे. बायकांच्या दिवाणखान्यातलं."

"कुणी रचलेलं?"

बँडमास्तरचे बूट पेटीकडं एक पाऊल सरकले. मला वाटलं, आता हा तुम्हाला खोटं पाडणार. तो म्हणाला, "डाव्या हाताचं तिकडचंच आहे, ते इकडं कुणाला सुचणार नाही. उजव्या हाताचं मी कधी ऐकलं नाही."

एवढ्यावर सुटलो. अमीनसाहेबांनी ताकीद दिली की परवानगीशिवाय पुन्हा जमाव करायचा नाही, आणि ते निघून गेले. मुन्शीजी, काका, आडते, मास्तर, सगळे एकेक करून उठले. पुढं बाजारात भेटले तरी ते एकमेकांना टाळायचे, कारण प्रत्येकाला दुसऱ्याचा वहीम होता.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही सतरंजी घातलीच नाहीत. दाराशी कुणीतरी खाकरलं. कापडवाला होता, गाठोडं न घेता आलेला, आणि उंबऱ्यावर बसला होता. आई चुलीतलं लाकूड घेऊनच बाहेर आली. "आता काय ऱ्हायलंय तुजं हितं?"

तो म्हणाला, "माय, मी नावं दिली, ते खरं हाय. पोटाचं काम हाय माझं. पर ते राजाचं डोकं आन ते गानं, ते म्या न्हाई सांगितलं. मला काय ठावं फरान्स कुठं हाय ते?" मग तुमच्याकडं बघून म्हणाला, "मला दुसरं कुनी घरात बसवत न्हाई."

तुम्ही त्याला आत घेतलंत. "एका माणसाचा जमाव होत नाही," असं आईला म्हणालात, आणि मला पेटी वाजवायला सांगितलीत. आईनं चहा केला, त्याच्यापुढं जरा जोरात आदळला, पण दिला. तो माणूस पुढं बदली होईपर्यंत येत राहिला.

त्याचं म्हणणं खरं असेल, तर फ्रान्सच्या राजाची गोष्ट ठाण्यात कुणी नेली? तसला इतिहास आमच्या बैठकीत एकाच माणसाला येत होता. पुढच्याच वर्षी मास्तरांना मोठी शाळा मिळाली. तुम्ही त्यांना शेवटपर्यंत रस्त्यात भेटले की रामराम घालायचात, त्यांच्या मुलीच्या लग्नाला गेलात, आणि मी एकदा त्यांचं नाव काढलं तर म्हणालात, "चहात साखर कमी आहे." तुम्हाला ठाऊक होतं आबा. आजही मला असंच वाटतं. ठाऊक असून एवढं गप्प राहणारा माणूस आणखी काय काय पोटात ठेवत असेल, या विचारानं मी तुमच्या बाकीच्या गोष्टींवरही विश्वास ठेवेनाशी झाले.

तुम्ही गेल्यावर चार-पाच वर्षांनी तलवाड्याला एका लग्नात मला कळलं की देवडीवरचा जुना बावर्ची तिथं लेकीकडं राहतो. साहेबांचं जेवण रांधायला तोही पॅरिसला गेला होता. मी लग्न सोडून त्याच्या घरी गेले. बाजेवर पडून होता, दृष्टी गेलेली, पण तुमचं नाव घेतल्यावर उठून बसला. मी त्या बाईच्या दिवाणखान्याचं विचारलं.

"दिवानखाना?" तो म्हणाला. "आमाला कुठला दिवानखाना माय. साहेब आत जायचे आन दार लावून घ्यायचे. आमी दोघं जिन्यावर बसायचो, साहेबांचा कोट धरून. लई थंडी. दारातनं नुसतं घुमल्यावानी यायचं, घूं घूं. बारीक सूर न्हाईच यायचे. तुजा बाप दाराला कान लावून बसायचा आन गुडघ्यावर बोटं हालवायचा. मी म्हनायचो, काय बे, काय ऐकतूस? तर म्हनायचा, वरचं ऐकू येत न्हाई, ते मी भरून काढतो."

मला वाटलं होतं, खरं कळलं की मला बरं वाटेल. मला त्या काळ्या कपड्यातल्या बाईचा राग आला, साहेबांचा आला, त्या दाराचा आला. तुमचा आला नाही.

आबा, हे कुठल्या पत्त्यावर धाडायचं नाही, म्हणून एवढं तरी लिहून टाकते. त्या आंधळ्या म्हाताऱ्याला मी तिथल्या तिथं म्हणाले, "तुमची आठवण चुकतीय चाचा. माझ्या बापाला आत खुर्ची होती." त्यानं माझ्या आवाजाकडं तोंड वळवलं. मग मान हलवून म्हणाला, "असंल माय. लई दिस झाले."