वरची ओळ

४ मार्च
समूहगानातली वरच्या पट्टीची ओळ धाकट्या जावेला गेली! मीच सोडली, घसा बसतो असं गायनमास्तरांना सांगून. खरं कारण कुठल्या तोंडाने सांगणार — सूर वर चढवला की खाली लघवीचे थेंब गळतात. तिसऱ्या बाळंतपणानंतर सुरू झालं, पाळी गेल्यापासून फारच वाढलं. इतकी वर्षं ती ओळ माझी होती. आता ही बया माझ्याच शेजारी उभी राहून गाते. नुसता जळफळाट होतो.

९ मार्च
डॉक्टरीणबाईंकडे गेले एकदाची. म्हणाल्या, 'ऑपरेशन-बिपरेशन काही नको. आतले स्नायू सैल पडलेत.' कोरडेपणासाठी आत लावायला मलम दिलं, शिवाय ते स्नायू आवळायचा व्यायाम. घरी सांगितलं, पाठ दुखते.

१७ मार्च
व्यायाम मन लावून करतेय, तर गळणं उलट जास्तच. धाकटीने कार्यक्रमासाठी नवा ड्रेस आणलाय. दुकानदाराने फिकट गुलाबी दाखवला होता म्हणे, हिला काळपटच हवा. 'ताई, बरा दिसतो का?' बरा म्हटलं. फार बरा दिसत होता, मेला.

२२ मार्च
फिजिओथेरपिस्टकडे. माझ्या लेकीच्या वयाची पोरगी. पोटावर सोनोग्राफीचं यंत्र टेकवलं, पडदा माझ्याकडे वळवला. 'आवळा.' मी आवळलं, तर पडद्यावरची त्या स्नायूंची पांढरी रेघ वर जायची ती खाली गेली!

'काकू, तुम्ही खाली ढकलताय. गाता का?' ओळखलं कसं! छाती भरून घ्यायची, दम धरायचा, पोटातून जोर लावायचा — मास्तरांनी जन्मभर घोटून घेतलेलं तेच मी इथेही करत होते. स्वतःच्याच पायावर धोंडा. 'श्वास सोडा, आणि लघवी अडवल्यासारखं आत, वर ओढा.' रेघ हलली. केसाएवढी, पण वर. येताना धाकटीची आठवण झाली. तिला असं काही शिकवावं लागत नाही, देवाने सगळं घट्ट बसवून पाठवलीय.

१४ मे
जोराचा खोकला आला. कोरडी राहिले! सांगायला कुणी नाही, म्हणून इथे लिहिते.

२ जून
आज कार्यक्रम झाला. वरच्या ओळीवर धाकटीचा आवाज चिरकला, भरल्या सभागृहात. 'घसा कोरडा पडला,' म्हणाली. वाईट वाटायला हवं होतं. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मास्तरांनी बाजूला घेऊन विचारलं, 'तुमचा घसा सुधारला असेल तर ओळ परत घेता का?' त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हटलं.

३ जून
धाकटीला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, ओळ मी परत घेतेय. वाटलं, रडेल. म्हणाली, 'सुटले, ताई. एरवीही मी पाणी बेतानेच पिते, कार्यक्रम असला की तर सकाळपासून घोटही घेत नाही. सूर वर गेला की कपडे ओले होतात. दुसऱ्या बाळंतपणापासून हेच. तुम्हाला कसं सांगणार? तुमचं सगळं ठणठणीत.'

मी पेला भरून पुढे केला. घेईना. मग दार लावलं आणि माझं सगळं सांगितलं. तेव्हा प्यायली.