खोडलेलं तिसरं वर्तुळ

सर, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी माझा राग निवलेला नाही. माणूस गेलं की वैर संपतं म्हणतात. माझं संपलं नाही, आणि ते संपवावं म्हणून मी हे लिहीतही नाही. परवा पुण्यात आमच्या ऑफिसात एक सिस्टिम कोसळली. ती ज्याने बांधली तो बैठकीत शांतपणे म्हणाला की मॉडेल बरोबर होतं, माहिती चुकीची भरली गेली. हे वाक्य मी पूर्वी एकदाच ऐकलं होतं, तुमच्या तोंडून. मी खुर्ची मागे सारली आणि निघून गेले. लोकांना वाटलं, बाईंना बरं वाटत नसावं.

अठ्ठ्याण्णव साली मी रत्नागिरीला तुमच्या हाताखाली साहाय्यक म्हणून आले, तेव्हा कॉलेजात चारच धड चालणारे कॉम्प्युटर होते आणि तुम्हाला त्यांचीही फारशी गरज नव्हती. गुंतागुंतीची सिस्टिम आधी कागदावर पूर्ण उभी करायची, तिच्या सगळ्या अवस्था, सगळ्या घटना, कुठून कुठे जाता येतं ते सगळं वर्तुळं आणि बाणांनी मांडायचं, ते गणिताने तपासायचं, आणि मगच प्रोग्रामची पहिली ओळ लिहायची, हा तुमचा संशोधनाचा मार्ग. थोडं बांधा, माणसांत नेऊन ठेवा, मोडेल तिथे पुन्हा बांधा, असं म्हणणारा दुसरा पंथ होता. त्याला तुम्ही चाचपडणं म्हणायचात. मला मात्र तुमचं पटलं होतं. तुमच्या स्वयंपाकघरात बसून तुम्ही मला कुकरवर अवस्था समजावल्या होत्या: थंड, तापलेला, दाबाखाली, शिट्टी. तुमच्या पत्नी, आमच्या बाई, हसून म्हणाल्या होत्या, "आत डाळ आहे की नुसतं पाणी, ते तुमच्या चित्रात कुठे दिसतं?" त्यावर तुम्ही म्हणालात की ते चित्राचं काम नव्हे. मीही तुमच्यासोबत हसले होते, कारण मला तुमच्यासारखं व्हायचं होतं. एवढा मोठा माणूस रत्नागिरीत बसून असं काही करतोय आणि त्याने हर्णैच्या कोळ्याच्या मुलीला जवळ केलंय, याचा मला केवढा गर्व होता म्हणून सांगू.

बंदरासाठी नोंदीची सिस्टिम करायची कल्पना माझीच. बर्फ, डिझेल, खलाशी, वादळाचे इशारे, सगळं एकमेकांत अडकलेलं. तुम्हाला शोधनिबंधासाठी खरीखुरी गुंतागुंत हवी होती, ती मी आणून दिली. तिचा गाभा साधा होता: कुठली बोट या क्षणी कुठे आहे. इशारा लागलेला असताना दिवस मावळेपर्यंत जी बोट "दर्यात" दिसेल, तिची यादी आपोआप निघायची आणि मच्छीमार सोसायटीच्या माणसाने शोधासाठी फोन करायचा. तुम्ही हर्णैला एकदाच आलात, एस.टी.ने हाडं खिळखिळी झाली म्हणून कुरकुरत. लिलाव चालू होता. चपलेला मासळीचं पाणी लागू नये म्हणून तुम्ही दगडावर उभे होतात. माझा काका तांडेल, बोटीवरचा मुख्य माणूस. तो ओल्या लुंगीनेच तुमच्यासमोर आला आणि त्याने तुमचं चित्र माझ्यापेक्षा चटकन ओळखलं. म्हणाला, "सर, दर्यात हाय नि बंदरात हाय, एवढ्यान भागायचं नाय. मधी खाडी हाय. वारा फिरला की बोटी आंजर्ल्याच्या खाडीत शिरतात." मी त्याच संध्याकाळी तिसरं वर्तुळ काढलं.

पण खाडीचं आमच्याकडे आणखी एक आहे, आणि तेही मी तुम्हाला सांगितलं होतं. बोट आली नाही, असं आमच्यात कोणी बोलत नाही. उशीर झाला, वारा उठला, विचारलं कुणी, तर घरची बाई म्हणते, "खाडीत असंल." निरोप आलेला असला तरी हेच, आणि काहीच कळलेलं नसलं तरी हेच. माझी आजी असंच म्हणायची, काकी असंच म्हणते. ते ऐकून तुमच्या कपाळाला आठी पडली. एका अवस्थेला दोन अर्थ, आणि ती ठरवायला बंदरातून दिसणारी एकही घटना नाही. तुम्ही लाल पेन उघडलंत आणि माझ्या वर्तुळावर फुली मारलीत. "खाडी ही जागा आहे, अवस्था नव्हे," असं म्हणालात. मग मॉडेल कसं स्वच्छ झालं! दोन अवस्था, सगळे बाण जागच्या जागी. तुमचा निबंध लगेच स्वीकारला गेला आणि तुम्ही कॉलेजात सगळ्यांना पेढे दिलेत.

सिस्टिम लागली, त्याच्या दुसऱ्या वर्षातली ही गोष्ट. इशारा दुपारी आला. चार बोटी खाडीत शिरल्याचा निरोप सोसायटीत पोचला. कारकून आमच्याच आळीतला. त्याच्या पडद्यावर दोनच बटणं. खाडीतल्या चार बोटी "दर्यात" ठेवल्या तर उगाच शोध निघेल, म्हणून त्याने त्या "बंदरात" टाकल्या, आणि त्याने शहाणपणच केलं. मग काकी खिडकीशी आली. काकाच्या बोटीचा निरोप नव्हता. कारकुनाने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "खाडीत असंल. तू तसंच लिव." तिच्या तोंडावर तो "दर्यात" कसं ठेवणार? त्याने पाचवी बोटही बंदरात आणली. दिवस मावळला, यादी कोरी निघाली आणि फोन झाला नाही. फोन झाला तो दुसऱ्या दिवशी दुपारी, खाडीतल्या चार बोटी परत आल्या आणि पाचवी त्यांच्यात नव्हती, तेव्हा. उलटलेल्या बोटीला धरून राहिलेले तीन खलाशी जिवंत सापडले. ते म्हणाले, तांडेल सकाळपर्यंत आमच्याबरोबर होता. सर, सकाळपर्यंत. हा एक शब्द मी तुम्हाला सांगितला तेव्हा तुम्ही चहा पीत होतात.

तुम्ही कप खाली ठेवलात, वाईट वाटलं म्हणालात, आणि मग ते वाक्य बोललात. मॉडेल बरोबर होतं. माहिती चुकीची भरली. जणू माझी काकी परीक्षेत नापास झाली होती! तुम्ही हर्णैला आला नाहीत. तुमचं अंग दुखत असेल, एस.टी. खिळखिळी असेल. तीन महिन्यांनी तुम्ही तोच आराखडा दुसऱ्या परिषदेत मांडलात, तीच दोन वर्तुळं, आणि आभाराच्या ओळीत माझं नाव घातलंत. मी राजीनामा दिला तेव्हा तुम्ही मला कृतघ्न म्हणालात. आज माझ्या हाताखाली माणसं आहेत. आराखड्याचा कागद काढण्याआधी मी त्यांना महिनाभर लोकांत पाठवते, लोक काय करतात त्यापेक्षा काय बोलत नाहीत ते बघून या म्हणते. तुमच्या पंथाच्या पार उलट. कोणी विचारलं की तुमची गोष्ट सांगते, नाव न घेता. एका विद्वानाने लाल पेनाने माझा काका खोडला, असं म्हणते. ऐकणारे त्या विद्वानावर चिडतात. मला ते आवडतं.

त्या गोष्टीत मी एक भाग कधीच सांगत नाही. फुली मारल्यावर तुम्ही पेन बंद केलंत आणि म्हणालात, "कळलेलं खाडीत आणि न कळलेलं खाडीत, यांतला फरक ओळखायची एक खूण घेऊन ये. मी एक नाही, दोन वर्तुळं वाढवीन." मी रविवारी घरी गेले. काकी पडवीत सुकट निवडत होती, काका बाजूला जाळं दुरुस्त करत होता. विचारायचं एवढंच होतं: तू खाडीत असंल म्हणतेस, तेव्हा तुला ठाऊक नसेल तर ते आम्हाला कसं कळावं? पण काका समोर बसलेला असताना, तो परत येणार नाही असा दिवस धरून प्रश्न कसा विचारायचा? माझी जीभच उचलली नाही. मी पण त्यांच्यातलीच ना. सुकट निवडू लागले, जेवले, दुपारची गाडी पकडली. सोमवारी तुम्हाला म्हटलं, विचारलं सर, दोनच अवस्था पुरेत म्हणतात. तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवलात. पुन्हा विचारलंसुद्धा नाहीत.

बाई अजून रत्नागिरीत त्याच घरात असतात, आणि काकाचा दोष अजून तुमच्यावरच ठेवतात. हे पत्र त्यांच्या पत्त्यावर पाठवता येईल. पण त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, तर या एका बाबतीत त्या तुम्हाला माफ करतील, आणि तेवढं तुम्हाला मिळावं अशी माझी अजून तयारी नाही.