विचारू नये

शुक्रवार, १९ सप्टेंबर
ऑफिसातून, दुपारी

ती. मामा,

नमस्कार. एरवी दारातून जाता जाता करतो तसा नाही, नीट वाकून केलेला.

पाकिटावर ताईचं नाव मुद्दाम घातलंय. तुम्ही तिच्या घरी आहात तोवर तिनं आधी वाचावं, डॉक्टर काय म्हणतात ते बघावं आणि मग तुमच्या हातात द्यावं. टाके अजून ओढतात का? जिना चढायची परवानगी मिळाली का? मामीला सांगा, मी वेळेवर जेवतो. खोटं आहे, पण सांगा.

सगळं बदललं ते गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी, पावणेबारा वाजता, मी लोखंडी कपाटाचा खालचा खण उघडला तेव्हा. किल्ली तुम्हीच दिली होतीत. दवाखान्यात जायच्या सकाळी गाडीत बसता बसता हातावर ठेवलीत आणि म्हणालात, लागणार नाही, पण असू दे. लागली नव्हतीच. त्याबद्दल पुढे लिहितो. आधी ऑफिसचं लिहू द्या, त्यात थोडं तरी चांगलं आहे.

तुम्ही गेलात तेव्हा आपल्याकडे चौसष्ट अशील होते. ऑगस्टच्या मध्यावर एक्क्याऐंशी झाले. मी काही जादू केली नाही. प्राप्तिकर विवरणपत्राच्या तारखेआधी पंधरा दिवस प्रत्येकाला मोबाईलवर आठवण पाठवायला लागलो. वर्षातून एकदा घसघशीत फी मागून तोंड कडू करण्यापेक्षा दरमहा थोडी घ्यायला लागलो. भेटीच्या वेळा ठरवून दिल्या, एकेकाला वीस मिनिटं. तुम्ही एकेकाला तासभर बसवून त्याच्या सासऱ्याची तब्येत विचारता, त्यावर मी किती चिडायचो आठवतं? मला वाटायचं, हा माणूस हिशेब तपासतोय की गप्पा मारतोय. समोरच्या टेबलावरून बेरीजकाकांनी माझ्या वीस मिनिटांवर तोंड वाकडं केलं. म्हणाले, न्हाव्याचं दुकान उघडलंयस का. अजून ते संगणकाने केलेली बेरीज पेन्सिलीने तपासतात, आणि ती जुळली की संगणकाकडे बघून मान डोलावतात, जणू पोरगं पास झालं.

सही तुमची, धावपळ माझी, असं चाललं होतं. मला खरंच वाटत होतं की तुम्ही परत याल तेव्हा दुसरी खोली भाड्याने घेतलेली असेल, दोन नवी टेबलं असतील, आणि कॉलेज अर्ध्यावर टाकून आलेल्या भाच्याकडे बघून एकदा तरी म्हणाल, जमलं बुवा याला.

आज सकाळी मोजले. अठ्ठावन्न आहेत.

आता तिच्याबद्दल लिहायला हवं. खालच्या औषधाच्या दुकानातली. तुम्हाला माहीत होतं, बेरीजकाकांना माहीत होतं, तिला माहीत होतं की नाही तेवढंच मला माहीत नव्हतं. डोकेदुखीच्या गोळ्यांनी माझा ड्रॉवर भरलाय म्हणून तुम्ही चिडवायचात. कॉलेजात ती माझ्या वर्गात होती. कॉपी केली म्हणून सरांनी माझं नाव घेतलं, मी केली नव्हती, मी उत्तरपत्रिका फाडून त्यांच्या टेबलावर टाकली आणि निघालो, तेव्हा माझ्यामागे जिन्याच्या तीन पायऱ्या उतरून फक्त तीच आली होती. म्हणाली, माफी माग आणि परत बस. मी बसलो नाही. त्या तीन पायऱ्यांवर मी दोन वर्षं जगलो, मामा.

ऑगस्टच्या वीस तारखेला फर्निचरवाले आले. तुमचे जुने अशील, म्हणून नीट बसवलं. ते आनंदात होते. माझं लग्न ठरलंय, नोव्हेंबरात आहे, पुढे महिनाभर इथे नसेन, तेव्हा माझे कागद आधी करून टाकता का, असं विचारत होते. मी वहीत तारीख लिहिता लिहिता विचारलं, मुलगी कुठली? त्यांनी बोट खाली केलं, जमिनीकडे. आपल्या खालच्या दुकानाकडे.

मी म्हणालो, अभिनंदन. खरंच म्हणालो. मग त्यांना जिन्यापर्यंत सोडायलाही गेलो.

खण उघडला तो त्याच्या पुढच्या मंगळवारी. फर्निचरवाल्यांचे कागद करायचे म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. पण त्यांची रोजची फाईल वरच्या कप्प्यात होती आणि ती पुरेशी होती. खालच्या खणात तुम्ही काय ठेवता ते मला ठाऊक होतं. जे माणसं तुम्हाला दार लावून सांगतात, त्याचे कागद.

मला घाण हवी होती. तीन दिवस मी त्या माणसाची सहा वर्षं वाचली. कुठलं बिल खोटं, कुठे कुणाला फसवलं, कुठे काय लपवलं. काही सापडेना. करवतीत एका सुताराची बोटं गेली होती, त्याला आठ महिने घरी पगार. एका बाईंचं कपाट वेळेत झालं नाही म्हणून सगळी आगाऊ रक्कम परत, वर माफीचं पत्र. प्रत्येक पानासरशी माझं डोकं जास्तच फिरत गेलं. माणूस वाईट निघाला असता तर मी त्याच्याशी भांडलो असतो. हा चांगला निघत होता, याचं मी काय करू?

आणि मग ते सापडलं. दर महिन्याच्या पाच तारखेला, धंद्यातून नाही, त्यांच्या स्वतःच्या खात्यातून, दोन खोल्यांचं भाडं. पावतीवर बाईच्या नावाचं फक्त एक अक्षर. सोबत एका लहान मुलीच्या शाळेची फी. आणि त्यावर तुमचं पेन्सिलीतलं बारीक अक्षर: नोंद बरोबर. विचारू नये.

मामा, ते वाचून मला काय वाटलं ते लिहितो. मला वाटलं, तुम्हीसुद्धा यात आहात. त्याची दुसरी बाई आहे, मूल आहे, आणि तुम्ही त्यावर पांघरूण घालताय. रागाने माझे कान तापले, आणि त्या रागात मला किती बरं वाटलं हे सांगायचीही लाज वाटते.

मी पत्ता एका चिठ्ठीवर उतरवला आणि खाली गेलो. दुकानात एक आजोबा खोकल्याचं औषध घेत होते. ते जाईपर्यंत थांबलो. मग सगळं सांगितलं. तिनं चिठ्ठी घेतली, दोनदा वाचली, आणि एवढंच विचारलं, "हे तुला कसं कळलं?" मी म्हणालो, आमच्याकडे कागद आहेत. छाती पुढे काढून म्हणालो.

तिनं ती चिठ्ठी घरी दाखवली. तिचा भाऊ माझ्याच जातकुळीतला, आधी हात मग तोंड. तो त्या पत्त्यावर गेला, आजूबाजूला विचारलं, इथे कोण बाई राहते, तिच्याकडे कोण येतं. तिथून थेट फर्निचरच्या दुकानात, आणि गिऱ्हाइकांसमोर, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तो पत्ता बोलला.

ती त्यांची बहीण आहे.

तुम्हाला माहीतच होतं. तिच्या नवऱ्याने तिचा हात दोनदा मोडला होता. पोरीला घेऊन ती निघाली आणि चार वर्षं तिचा पत्ता त्या नवऱ्याला लागू दिला नाही तो या भावाने, दुसरं कुणी नाही. घरातल्यांनाही सांगितलं नव्हतं. फक्त तुम्हाला, कारण कागदावर यायचंच होतं.

तिसऱ्या दिवशी नवरा दारात उभा राहिला. शेजारच्यांनी आरडाओरडा केला म्हणून गेला. त्याच संध्याकाळी फर्निचरवाल्यांनी टेम्पो आणून खोल्या रिकाम्या केल्या. मुलगी पहिलीत आहे म्हणे. तिची शाळा सुटली.

मी त्या खोल्यांकडे गेलो होतो. का ते विचारू नका, मलाही माहीत नाही. माफी मागायची तर ती माणसं तिथे नव्हती. शेजारच्या बाईंनी दार किलकिलं केलं, मी त्या नवऱ्याचा माणूस आहे असं त्यांना वाटलं, आणि माझं तोंड उघडायच्या आत दार लावलं. मी बाहेरून सांगत राहिलो की मी तो नाही. मग परत फिरलो. तो नाही तर मी कोण, हे काही सांगता येईना.

फर्निचरवाले ऑफिसात आले तेव्हा मला वाटलं, मारतील. मला तेच हवं होतं. मी खुर्चीतून उठून उभाही राहिलो. त्यांनी फाईल मागितली, वरची आणि खालची. कागद मोजले, मिळाल्याची सही दिली. जाताना म्हणाले, "मामांना इतक्यात कळवू नका. त्यांना झेपणार नाही." आणि गेले. त्यांचं ऐकलं तर माझी अब्रू त्यांनीच राखल्यासारखं होईल. त्यांच्याकडून आता मला काहीही घ्यायचा हक्क नाही. म्हणून लिहितोय.

पत्ता आपल्या ऑफिसातून फुटला हे पसरलं, आणि एकेक जण यायला लागला. मामा, कुणी भांडलं नाही. भांडले असते तर मी उत्तर दिलं असतं, तेवढं मला येतं. फाईल मागायचे, सही द्यायचे, पाणी प्यायचे, जायचे. शाळेतल्या निवृत्त बाई, ज्यांचं तुम्ही वर्षानुवर्षं फुकट करता, त्या काठी टेकत दोन जिने चढून आल्या आणि हळूच म्हणाल्या, "माझंही काही आहे का रे त्या खणात?" होतं. मी न बघता पाकीट त्यांच्या हातात दिलं. न बघता दिलं हे त्यांना पटलं नाही. कसं पटणार?

वीस मिनिटांत मी सतरा नवे आणले होते. जे तुमच्याकडे तासभर बसायचे, ते गेले. तासभर काय चालायचं ते मला आता कळतंय. पण कळून उपयोग काय, मी तुमच्यासारखा तासभर बसलो तरी माझ्यासमोर आता कुणी बोलणार नाही. परवा बेकरीवाले आले, बेरीजकाकांशी बोलत होते. मी आत आलो तसा त्यांनी आवाज उतरवला. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी बघितलं असतं तर बरं झालं असतं.

तिचं लग्न मोडलं असेल असं तुम्हाला वाटेल. मोडलं नाही. ती स्वतः त्यांच्याकडे गेली, भावालाही घेऊन गेली, आणि माफी मागितली. मला जे कधी जमलं नाही ते. नोव्हेंबरातच आहे.

सोमवारी मी दुकानात गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, सगळं विसरलो. फक्त म्हणालो की मी तुझ्यासाठी केलं. ती गोळ्यांची पाकिटं खोक्यात लावत होती. थांबली नाही. म्हणाली, "तू वाईट नाहीस रे. पण तुझ्याजवळ विश्वासाने काही ठेवता येत नाही." रागानेसुद्धा नाही. मग माझ्यामागे उभ्या असलेल्या माणसाला तिनं विचारलं, काय हवंय.

रोज उठल्यावर पहिल्यांदा वाटतं की काहीतरी करता येईल. कुणाला तरी भेटावं, पाया पडावं, मार खावा, रात्रंदिवस राबावं. दात घासेपर्यंत कळतं की यातलं काहीच त्या पोरीला तिच्या वर्गात परत बसवणार नाही. नवा पत्ता कुणाला माहीत नाही, आणि मी तो शोधायलाही नको, हेच बरोबर आहे. दुरुस्तीची नोंद करता येते असं तुम्ही शिकवलंत. ही कुठल्या खात्यावर करू?

बेरीजकाका म्हणतात, दहा दिवसांनी मामा येतील, तोवर दम धर, पळून जाऊ नकोस. मी पळत नाहीये, मामा. कॉलेजातून निघालो तेव्हा पळालो होतो, त्यातला आणि यातला फरक मला कळतो. मी या खुर्चीत आहे तोवर उरलेले अठ्ठावन्नही हळूहळू फायली मागतील. आणि तुम्ही आलात की मला सांभाळून घ्याल, चारचौघांत माझी बाजू घ्याल, मामी तुमची समजूत काढायच्या आधीच. मग ते तुमच्याही समोर बोलायचे थांबतील. तुमची तीस वर्षं त्या एका दार लावून बोलण्यावर उभी आहेत. ते दार माझ्याकडून उघडं राहिलं. मी इथे नसलो तरच त्यांना ते पुन्हा लागलेलं दिसेल. एवढं एकच मला करता येण्यासारखं सापडलं.

सप्टेंबरअखेरच्या तारखेची अकरा कामं बाकी आहेत. सगळी तयार करून ठेवलीत, फक्त तुमची सही हवी. काकांनी पेन्सिलीने तपासली, जुळली. खण रिकामा नाही, अजून काही पाकिटं आहेत. ज्यांची आहेत ते न्यायला आले नाहीत, त्यांना अजून तुमची खात्री आहे. किल्ली काकांकडे दिली.

मी दुसऱ्या गावी एका गोदामात लागतोय. मालाची मोजदाद करायची, माणसांची नाही. पत्ता आईला कळवीन. तुम्ही मला न्यायला येऊ नका. डॉक्टरांनी इतक्यात लांबचा प्रवास नको सांगितलंय, आणि नसतं सांगितलं तरी येऊ नका.

काका जेवायला गेलेत. ते परत आले तर मला निघता येणार नाही, म्हणून आत्ताच निघतो. पत्र त्यांच्या टेबलावर ठेवतोय, ते टपालात टाकतील. पंखा बंद केला. खिडकी लावली. आता बाहेर होतो आणि दार ओढून घेतो.

तुमच्या बहिणीचा मुलगा