स्वयंपाकघराची भिंत

आई, आज सकाळी चहा टाकताना माझ्या तोंडून "ही शेगडी म्हणजे एक नंबरची हट्टी" असं निघालं आणि मी दचकून मागे पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. अण्णांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मल्लेश्वरमच्या या घरातला आपला लांबरुंद हॉल, एका टोकाला सोफा आणि दुसऱ्या टोकाला तुझा स्वयंपाकाचा कट्टा, तसाच पसरलेला आहे. बोलणं मात्र अगदी तुझं होतं. म्हणून लिहायला बसले.

तू आम्हाला तोंडावर कधी काही सांगितलं नाहीस. काय हवं, काय दुखतंय असं विचारलं की "मला काय धाड भरलीय" म्हणून मोकळी. पण एकदा फोडणी पडली, की भिंतीपलीकडून तुझं सुरू व्हायचं. "तीन शिट्ट्या म्हटल्या तर मेला कुकर पाच झाल्याशिवाय गप बसत नाही. लोणचं सगळ्यांना लागतंय, कैऱ्या चिरायला कोण नाही. आणि ह्या गुडघ्याला काय झालंय बाई, पायरी दिसली की रडतोय." भिंतीच्या अलीकडे हॉलमध्ये अण्णा पेपरात डोकं घालून बसलेले असतात. संध्याकाळी देवघराच्या कोनाड्यात मलमाची बाटली येते. कुणी आणली ते अण्णा सांगत नाहीत, तूही विचारत नाहीस. सातवीत असताना मी एकदा धावत आत आले आणि विचारलं, "आई, तुला निळं पातळ पाहिजे?" तुझा चेहरा असा झाला, की मी जणू न विचारता तुझी पेटी उघडली होती. "माझं मी बोलत होते. तुला कुणी विचारलं?" दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. ऐकायचं, पण ऐकलं असं दाखवायचं नाही, हा घरचा नियम मी त्या दिवशी शिकले. निळं पातळ मात्र दिवाळीला आलं.

मग मी मिळवती झाले. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती, कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी होती, आणि सगळं मलाच कळतं असं वाटायचं. एका मासिकात मी एक मोकळं घर पाहिलं होतं. मागच्या अंगणात घर वाढवायचं, मधली भिंत पाडायची, स्वयंपाकघर आणि हॉल एकच करायचा. तू एकटी आत राबणार आणि आम्ही बाहेर हसत बसणार, हे मला खरंच बघवत नव्हतं गं. तेवढं तरी माझं खरं मान. तू म्हणालीस, "उगं कशाला?" मी म्हटलं, "तू आमच्यात पाहिजेस म्हणून."

ती इंटिरियर डिझायनर आठवते? काखेत ट्रेसिंग पेपरची गुंडाळी घेऊन यायची. पहिल्याच दिवशी माझ्याकडे पाठ करून तिनं तुला विचारलं, "अम्मा, निमगे एनु बेकु?" तुम्हाला काय हवं, असं इतकं सरळ तुला आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नव्हतं. तू "एनू बेडा" म्हणालीस, काही नको, आणि कॉफी करायला आत गेलीस. मग भांड्यांच्या आवाजात, अर्धं कानडीत, अर्धं मराठीत, आलंच. "तेवढी भिंत असू दे म्हणावं. नाहीतर उघड्यावर बसल्यागत व्हायचं. स्वल्प आडोसा लागतोय माणसाला." परक्या मुलीला आपल्या घरचा नियम कसा कळला कोण जाणे. ती मान खाली घालून नकाशाच बघत राहिली. कॉफी पिऊन झाल्यावर तिनं नकाशावर पेन्सिलीनं एक रेघ ओढली, अर्धी भिंत आणि एक सरकतं दार. "अम्मांना ही लागेल," एवढंच मला म्हणाली.

ती गेल्यावर मी ती रेघ खोडली. मासिकातल्या घरात तसली भिंत नव्हती. तुला सांगितलं, "डिझायनर म्हणते, भिंत ठेवता येणार नाही." तिला सांगितलं, आईनंच नको म्हटलंय. तू म्हणालीस, "सरी, बरं. तिला कळतंय त्यातलं."

घर झालं तसं सगळे बघायला आले आणि तोंड भरून कौतुक करून गेले. तू कट्ट्यापाशी, आमच्याकडे पाठ करून उभी असायचीस. पहिले काही दिवस तुझे ओठ हलायचे. मग तू मान वळवून सोफ्याकडे बघायचीस, आणि ओठ मिटायचे. पुढे पुढे हलायचेही बंद झाले. अण्णा पेपर मांडीवर ठेवून नुसते बसून राहायचे. मी मात्र आल्यागेल्याला सांगत होते, "आई आता किती शांत झालीय."

दीड वर्षानं तू कट्ट्यापाशीच कोसळलीस. पोटातली गाठ तोवर हाताला लागण्याएवढी झाली होती. डॉक्टर चिडूनच म्हणाले, "इतके महिने दुखत असणार. घरात कुणालाच सांगितलं नाही?" अण्णा खाली बघत म्हणाले, "पूर्वी ऐकू यायचं." डॉक्टरांना ते काय कळणार? मला कळलं, आणि त्यानंतर मी अण्णांच्या डोळ्याला डोळा भिडवू शकले नाही. भिंत असती तर तू वाचलीच असतीस, असं काही मी म्हणत नाही. पण तुझं दुखणं आमच्या कानावर आलं असतं, आणि कोनाड्यात काहीतरी येऊन पडलं असतं.

पुढे मिस्त्री बोलावून भिंत पुन्हा बांधावी, असं कितीदा मनात आलं. पण तिच्यामागे आता बोलणार कोण, म्हणून राहूनच गेलं. हा कागदही कुठे पाठवायचा नाही, कट्ट्याखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवीन.

एक राहिलं. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात तू माझा हात धरलास आणि आयुष्यात पहिल्यांदा मनातलं माझ्या तोंडावर बोललीस. "त्या पोरीनं तेवढी भिंत ठेवली असती तर बरं झालं असतं गं. बोलून मोकळी तरी झाले असते."

मी म्हटलं, "हो ना, आई. ठेवायला पाहिजे होती तिनं."