रेषेपलीकडची हाक

१२ जानेवारी
शेण काढलं, पेंड भिजवली, बादली घेऊन रानाच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिले. ह्यांनी तिकडून बाजीला सोडलं. मी बादली वाजवून हाक दिली, "ये रे बाजी, ये." बैल सरळ माझ्यापाशी. मग घरी येऊन भाकऱ्या. ह्यांच्या वेळची ती सकाळ आज सारखी आठवते. बाजी गोऱ्हा होता तेव्हापासून रोज हेच. बैलांचे पट, म्हणजे शर्यती, बंद होत्या तेव्हाही ह्यांनी हा नेम मोडला नाही.
काल ह्यांचं वर्षश्राद्ध झालं.

१५ जानेवारी
धाकटे दीर दिलीपभाऊजी बाजीला लखनबरोबर छकड्याला जुंपून पळवायला घेऊन गेले. लखन तलवाड्याच्या पाटलांचा बैल, जोडी जुनीच. बाजी जागचा हलला नाही. छकडा हाकणाऱ्या नव्या धुरकऱ्याने शेपटी पिरगाळली म्हणे. ह्यांनी कधी हातात चाबूक धरला नाही. एकदा मोडलेला हात गळ्यात बांधून जोडी हाकली, पहिले आले.
भाऊजी म्हणाले, "वैनी, तलवाड्याच्या पटात न्हाई पळला तर बाजार दाखवावा लागंल. उभा बैल कावून पोसायचा?"


१६ जानेवारी
पेटीतली पटाची पोस्टरं काढली. शाळा नाही, अक्षरं मी ह्या पोस्टरांवरच शिकले. पहिलं वाचलं ते ह्यांचं नाव. पुढे 'धुरकरी'.
दुपारी पाटील आले. बाजीकडे बघत म्हणाले, "तुमचे मालक पटात बाईवानी वरडायचे बगा. ये रे बाजी, ये. आमी लई हसायचो. पण बैल असा सुटायचा की बास."
मी कधी पट पाहिला नाही. ह्यांनी हे सांगितलंही नाही. माझीच हाक.
चहा द्यायचा राहिला.

१८ जानेवारी
भाऊजींना म्हटलं, मी येते. शर्यत संपते त्या रेषेच्या पलीकडे बादली घेऊन उभी राहते, बाजीला हाक देते.
"पटात बाई? लोक हसत्याल, वैनी."
"ह्यांनाही हसायचे."
भाऊजींनी बाजीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बादली रिकामी आणू नका. फसवलं तर तुमालाच शिंगावर घील."

१९ जानेवारी
भोंग्यावर बैलाचा मालक म्हणून कोणाचं नाव सांगायचं, भाऊजींनी विचारलं. ह्यांचंच, म्हटलं. ते म्हणाले, "मी तेच लिवून दिलंय."

२० जानेवारी
शेण काढलं. पेंड भिजवली. बादली घेऊन टेम्पोत बाजीशेजारी उभी राहून तलवाड्याला गेले. रेषेपलीकडे जाऊन उभी राहिले. भोंग्यावर ह्यांचं नाव पुकारलं. निशाण पडलं.
मी हाक मारली.