न विकता गेलेलं कापड

कोल्हापूर, ४ मार्च १९७४

तीर्थरूप अम्मास नजीराचा सलाम.

मी खुशाल. तुझ्या गुडघ्याचं कळव. विमा कंपनीचा माणूस १८ तारखेला मलकापूरला येईल.

दुकानातलं जळालेलं कापड मोजता येत नाही, म्हणून उलट हिशेब केला. एप्रिलमधला शिल्लक माल बावीस हजारांचा, नंतरची खरेदी अडतीस, मिळून साठ. विक्री पन्नास हजार. अब्बांचा नफा दर साली विक्रीच्या शेकडा वीस, म्हणजे विकलेल्या मालाची खरेदी किंमत चाळीस. उरलेला वीस हजारांचा माल जळाला. अब्बांनी आगीतून वह्या बाहेर काढल्या म्हणून हे जमलं. काही झालं तरी वह्या जपा, असं त्यांना मीच सांगत असे.

अडचण एकच. न विकता दिलेलं कापडही या हिशेबात जळालेलं धरलं जातं. कुणाच्याही घरी मयत झाली की अब्बा कफनाचं कापड फुकट देत, वहीत लिहीत नसत. वर्षभरातली माझ्या यादीत पंधरा नावं आहेत, प्रत्येकी बारा मीटर. यादी सोबत आहे, तपासून कळव. सिकंदर म्हणेल, वजा कशाला करायचं. पण अब्बांच्या वह्यांवरून मी खोटा आकडा मांडणार नाही.

तुझी माया आहे तशी असू दे.
नजीरा

मलकापूर, ८ मार्च

चि. नजीरास अम्माची दुवा.

सिकंदर लिवतोय, मी सांगतीय. गुडघा हाय तसाच हाय. तुझा भाऊ म्हणतोय, आमची नजी विमा कंपनीची सून कवा झाली! त्याला गप केलाय.

नावं मला वहीबिगर पाठ हायती. चिमणाबाई, तिचा दीर गुंडू, महंमद तांबोळी, समदी बरोबर. शालूबाईचं लेकरू चार दिसांचं. त्याला हातभर पुरलं असतं, पर तुझ्या अब्बांनी बारा मीटरच फाडलं. एवढं कशाला म्हणून मी इचारलं, तर घडी घालून शालूबाईच्या घरला निघालं बी.

पर नजी, ती चौदाच. पंधरावं नाव तू अब्बांचं घातलंयस. त्यांचं कापड आपलं न्हवतं ग. दुकान आदल्या दिवशीच जळालं की. समोरच्या बाळासोनं त्याच्या सोताच्या दुकानातनं आणलं. पैसं इचारलं तर रडायलाच लागला.

वह्यांचं मनाला लावून घेऊ नगंस. येत्या आयतवारी ये.

तुझी वाट बघणारी,
अम्मा

कोल्हापूर, ११ मार्च

तीर्थरूप अम्मास सलाम.

तुझं बरोबर. दुकान आधी जळालं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. चौदा जणांचं कापड तीन रुपये मीटरनं पाचशे चार रुपयांचं होतं. ते वजा जाता दावा एकोणीस हजार चारशे शहाण्णवचा. कागद सिकंदरच्या नावे पाठवले आहेत, त्यानं सही करावी.

बाळासोकाकांना माझा निरोप दे. त्या दिवशीचे बारा मीटर त्यांनीही लिहिले नसतील. वहीत लिहून ठेवा म्हणावं, न विकता दिले, आणि पुढे अब्बांचं नाव घाला.

रविवारी सकाळच्या गाडीनं येते.

तुझी,
नजी