धोंड्याच्या वाणातलं कटर मशीन

सोनाळा,
पोळ्याआधीचा रविवार

व्याहीबुवा इंद्रभानजी यांना शेषरावचा हात जोडून रामराम.

विहीणबाईंच्या गुडघ्यांना आता उतार असावा आणि आपला खोकलाही धामणगाव सोडून गेला असावा, असं धरून चालतो. इकडे आपली लेक अर्पिता खुशाल, आपले जावई (म्हणजे आमचे चिरंजीव गोकुळ) खुशाल, नात छकुली तर फारच खुशाल. माझ्या खुशालीबद्दल पुढे येईलच. फोन सोडून पत्र का, असं आपल्या मनात येईल. आमच्याकडे फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायची रीत आहे आणि हा विषय सूनबाईंच्या कानावर न गेलेला बरा.

धोंड्याच्या महिन्यात आपण जावयाला अनारशांसोबत कटर मशीन दिलंत. (लोक अंगठी देतात, फार तर घड्याळ. वाणाच्या ताटातून वायर लोंबताना गावाने पहिल्यांदाच पाहिली.) पण गोकुळ बल्ब बदलायलाही बाहेरून माणूस बोलावतो. तेव्हा आपलं वाण वाया जाऊ नये, एवढ्याच भावनेने मी ते हाती घेतलं. घरातली करकरणारी दारं तासली. मागचं दार आता लागत नाही, पण करकरतही नाही. उतारवयात माझं मन इतकं कशातच रमलं नव्हतं, हे आपल्याला उघडच सांगतो. आणि आता सूनबाई म्हणतात की हे मशीन धामणगावला परत पाठवायचं! घरात लहान मूल आहे म्हणे. लहान मुलांनी अशा मशीनला हात लावू नये, याबाबत माझं आणि सूनबाईंचं मत अगदी एक आहे. पण त्याची शिक्षा मला का?

घडलं ते असं. पोळ्याला मिरवायला छकुलीसाठी लाकडी बैल करायला घेतला होता. (आठ वर्षांची झाली, तरी तिला बैल आणि मशीन या दोनच गोष्टींत रस.) या मशीनचं बटण दाबून अडकवून ठेवायची सोय आहे, त्यामुळे बोट दुखत नाही. शिंगं कोरायला सुरुवात केली आणि लाईन गेली. मी मशीन तसंच अंगणात ठेवलं आणि ओसरीवर शेजारच्या वामनरावांसोबत चहाला बसलो. तर छकुली म्हणते, "आबा, लाईन गेली का पिन काढा लागते. धामणगावच्या आबानं सांगतलं होतं." (आपण सांगितलं असेल. मी तेव्हा अनारसे खात होतो.) मी म्हटलं, "तू शिकवशीन काय मले?"

चहा अर्ध्यावर असताना लाईन आली. मशीन जे घरघरलं ते अंगणभर सरपटत सुटलं. बैलाची दोन्ही शिंगं गेली, एक कान गेला. कपड्यांची दोरी खाली लोंबत होती, ती तुटून माझं धोतर चिखलात. पुढे वामनरावांची नवी चप्पल होती, ती मधोमध कापली. वामनराव हौदावर चढून ओरडत होते, "अबे, कोनी धरा त्याले!" आणि छकुली त्याच अंगणात उभी होती. व्याहीबुवा, लेकरू दोन पावलं पुढे आलं असतं तर... जाऊ द्या, लिहवत नाही. ती मशीनकडे गेलीच नाही. भिंतीभिंतीने बोर्डापाशी गेली, बटण बंद केलं, पिन काढली आणि वामनरावांना म्हणाली, "उतरा आता."

यावरून काय सिद्ध होतं? लहान मुलं आसपास असली की असे प्रकार होतात. तिने मध्येच पिनेचा विषय काढला नसता, तर माझं लक्ष उडालं नसतं आणि मी पिन आपणहून काढली असती. आमच्या सौ. गोजरबाईंना हा मुद्दा समजावून सांगितला, तर त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. असो. मशीन धामणगावला आलंच, तर आपण ते परत घेऊ नये, एवढंच मागणं. विहीणबाईंना नमस्कार.

आपला,
शेषराव

ता. क. पत्र संपवतो तोच सूनबाईंचा निकाल लागला. मशीन धामणगावला परत येणार नाही. ते कपाटात गेलं आहे आणि कपाटाची किल्ली छकुलीच्या गळ्यात आहे. तिच्या परवानगीशिवाय मी हात लावायचा नाही! अर्पिता आपला शब्द मोडत नाही, म्हणून हे पत्र मिळताच तिला एक फोन करावा आणि सांगावं, की शेषरावांना रोज थोडा वेळ खेळू द्या. (वापरू द्या, असं म्हणायचं होतं.)

ता. क. दुसरा. फोन राहू द्या. धीर करून मीच सूनबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "किल्लीवालीले विचारा." किल्लीवालीला विचारलं. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून फार मायेने सांगितलं, "आबा, तुमी मोठे झाले का मंग देईन."